सायबरपंकचं संगीत आणि सोल्डरिंग गन

'मॅट्रिक्स' न पाहिलेला प्राणी आपल्या हॉस्टेलमध्ये शोधूनही सापडायचा नाही. त्याचा दुसरा भाग २००३ साली आला. त्यात झायन नावाच्या जमिनीखालच्या शहरात हजारो माणसं एका प्रचंड गुहेत बेभान होऊन नाचतात, तो सीन आठवा. मागे वाजतं ते 'फ्लूक' नावाच्या इंग्लिश ग्रुपचं टेक्नो. सायबरपंकचं संगीत म्हटलं की बहुतेकांच्या कानात असंच काहीतरी सुरू होतं. काळा कोट, काळा गॉगल आणि धडधड धडधड.

पण या झायनच्या एकोणीस वर्षं आधीचं आणखी एक झायन आहे. विल्यम गिब्सनची 'न्यूरोमॅन्सर' ही कादंबरी १९८४ साली आली. सायबरपंकवाल्यांची पोथीच म्हणा ना! (आणि ही कॉम्प्युटरची पोथी पठ्ठ्याने साध्या टाइपरायटरवर लिहिली.) त्यातलं झायन म्हणजे अंतराळात तरंगणारी एक वस्ती. बांधकामासाठी वर नेलेल्या मजुरांनी परत पृथ्वीवर यायला नकार दिला आणि तिथेच घरं बांधायला घेतली, अशी तिची जन्मकथा. राहणारे लोक जमैकाच्या रास्ताफारी पंथाचे. तिथे सतत जे वाजत असतं ते टेक्नो नव्हे. ते आहे डब.

ज्यांना हा प्रकारच नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 'सायबरपंक' हा शब्द ब्रूस बेथकी या अमेरिकन लेखकाच्या कथेचं शीर्षक म्हणून १९८३ मध्ये छापला गेला, आणि मग एका अख्ख्या प्रकारच्या विज्ञानकथांना चिकटला. तंत्रज्ञान आभाळाला टेकलेलं आणि जगणं मात्र गटाराच्या काठावरचं, अशा शहरांच्या या गोष्टी. नायक म्हणजे बहुधा भुरटा हॅकर. पुढे अमेरिका-युरोपात या गोष्टी वाचणाऱ्या, मोडेम जोडून रात्री जागवणाऱ्या आणि स्वतःलाच सायबरपंक म्हणवणाऱ्या पोरापोरींचा एक पंथ तयार झाला. त्यांचे कपडे ठरले, सिनेमे ठरले, आणि अर्थातच गाणी ठरली.

आता प्रश्न असा, की भविष्यातल्या हॅकरची गोष्ट लिहिणाऱ्या माणसाने जगातलं सगळं संगीत सोडून जमैकाच्या गल्लीतलं संगीत का उचललं? गिब्सनच्या मनात काय होतं ते त्याचं त्याला ठाऊक. पण डब बनतं कसं, हे पाहिलं की ही निवड किती नेमकी होती ते आपल्यासारख्यांना लगेच कळतं. आपल्यासारख्यांना म्हणजे ॲनालॉगच्या लॅबमध्ये ब्रेडबोर्डवर हात भाजून घेणाऱ्यांना.

डबचा सगळ्यात मोठा माणूस गायक नव्हता, वादकही नव्हता. तो दुरुस्तीवाला होता. ऑसबोर्न रडॉक, जन्म १९४१, गाव किंग्स्टन. लोक त्याला किंग टबी म्हणत. रेडिओ आणि इतर इलेक्ट्रिक वस्तू दुरुस्त करणं, ट्रान्सफॉर्मर गुंडाळणं, ॲम्प्लिफायर बांधणं हा त्याचा धंदा. त्या काळात किंग्स्टनमध्ये गल्लोगल्ली 'साउंड सिस्टिम' असायच्या. म्हणजे कपाटाएवढे स्पीकर रस्त्यावर मांडायचे, रेकॉर्ड लावायच्या आणि रात्रभर नाच. आपल्या गणपतीतल्या डीजेच्या भिंती डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक साउंड सिस्टिमची दुसरीशी चुरस, आणि स्पीकर-ॲम्प्लिफायर फुंकले की दुरुस्तीला टबीकडे. त्याची स्वतःचीही एक सिस्टिम होती आणि तिचा आवाज इतरांपेक्षा स्वच्छ असायचा, कारण मालकाला सर्किट कळत होतं.

याच टबीला ट्रेझर आइल नावाच्या स्टुडिओत रेकॉर्ड कापायचं काम मिळालं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जमैकात एक नवीन टूम निघाली होती. गाण्यातून गायकाचा आवाज काढून टाकायचा आणि नुसत्या ठेक्या-बासवर लोकांना नाचवायचं. टबीने ही टूम घेतली आणि तिच्यातून वेगळंच शास्त्र उभं केलं. एका मोठ्या स्टुडिओने वापरून काढून टाकलेलं चार ट्रॅकचं मिक्सर त्याने विकत घेतलं, वॉटरहाउस भागातल्या आपल्या घरात बसवलं, आणि मग त्या मिक्सरवर बोटं अशी चालवायला लागला जशी दुसरा कुणी पेटीवर चालवेल.

तो नेमकं काय करायचा? ड्रम, बास, गिटार-ऑर्गन आणि गळा असे ढोबळ चार ट्रॅक. एकेक फेडर खाली ओढायचा, म्हणजे वाद्य गायब. मध्येच अर्धा शब्द सोडायचा, की गायक दार उघडून डोकावून गेल्यासारखा वाटतो. मिक्सरवर एक मोठा गोल नॉब होता, तो म्हणजे हाय-पास फिल्टर. हो, तोच आपला, कटऑफच्या खालच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा. स्टुडिओ इंजिनिअरच्या लेखी त्याचा उपयोग काय, तर खालची घरघर काढून टाकणं. टबीने तो गाणं चालू असतानाच फिरवायला सुरुवात केली. झांजेचा आवाज वर वर चढत पातळ होत जातो आणि मग अचानक बास धाडकन परत येतो. स्प्रिंग रिव्हर्बच्या डब्याला हाणलं की आतल्या स्प्रिंगा हादरून विजेसारखा कडकडाट होतो, हेसुद्धा त्याने वाद्यात जमा केलं.

आणि इको. टेपरेकॉर्डरमध्ये रेकॉर्डचं हेड आणि प्लेबॅकचं हेड यांत थोडं अंतर असतं. समजा अंतर ५ सेंटिमीटर आणि टेपचा वेग सेकंदाला १९ सेंटिमीटर, तर आवाज सुमारे पाव सेकंद उशिरा परत येतो. हा परत आलेला आवाज पुन्हा इनपुटला दिला की इकोचा इको. लूपचा गेन एकच्या खाली ठेवला तर तो विरत जातो. एकच्या वर नेला की फुगत फुगत किंकाळी होते. व्हायवाला बार्कहाउझेन क्रायटेरियन विचारतात ना, तोच! ऑसिलेशन टाळायला आपण जे शिकतो त्या कड्यावर हा माणूस मुद्दाम उभा राहायचा आणि नॉब हातात धरून लूपला पडू द्यायचा नाही.

त्याच्या हाताखाली शिकून दोन पोरं मोठी झाली. एकाला लोक सायंटिस्ट म्हणत. त्याची टबीशी ओळख झाली ती ॲम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरपायी. दुसरा जॅमी. या जॅमीने १९८५ मध्ये वेन स्मिथ या गायकाला घेऊन 'स्लेंग टेंग' नावाचा ठेका बाजारात आणला आणि जमैकाचं संगीत एका रात्रीत डिजिटल झालं. तो ठेका आला कुठून? कॅसिओच्या एमटी-४० या स्वस्त कीबोर्डमधून! त्यात 'रॉक' म्हणून आधीच भरून दिलेला ठेका होता, तोच थोडा संथ करून घेतला. मजा पुढे आहे. तो ठेका बनवला होता ओकुदा हिरोको या कॅसिओत नुकत्याच लागलेल्या जपानी मुलीने, आणि तिने कॉलेजमध्ये प्रबंध लिहिला होता तो रेगेवर. जमैकाचं संगीत टोकियोला गेलं, तिथे चिपमध्ये बसलं आणि डब्यात भरून पुन्हा किंग्स्टनला आलं. एखाद्या सायबरपंक लेखकाने हे लिहिलं असतं तर संपादकाने 'अतिशयोक्ती' असा शेरा मारला असता.

टबीचा शेवट मात्र वाईट झाला. ६ फेब्रुवारी १९८९ ला त्याच्या घराबाहेर त्याला कुणीतरी गोळी घातली. मारेकरी सापडलेच नाहीत.

आता जपानच्याच दुसऱ्या एका डब्याकडे वळू. रोलँड कंपनीने १९८१ मध्ये टीबी-३०३ नावाचं यंत्र काढलं. एकट्याने गिटारचा सराव करणाऱ्याला साथीला बास वाजवून देणारा यांत्रिक साथीदार, अशी कल्पना. पण आवाज खऱ्या बासच्या जवळपासही जाईना. स्वर एकदा भरायचे आणि त्यांची लय दुसऱ्यांदा वेगळी भरायची, त्यामुळे प्रोग्रॅम करणाऱ्याचं डोकं फिरायचं. सुमारे दहा हजार नग काढून १९८४ मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला. यंत्रं सेकंडहँड दुकानांत मातीमोल भावात पडून राहिली.

शिकागोच्या तीन पोरांनी त्यातलंच एक उचललं. हा त्यांचा 'फ्युचर' नावाचा ग्रुप. स्वर कुठले भरलेत इकडे फारसं लक्ष न देता त्यांनी पॅटर्न सुरू केला आणि फिल्टरचे कटऑफ आणि रेझोनन्स हे दोन नॉब चालू गाण्यात फिरवत बसले. यंत्र कण्हायला, चिरकायला, गुळण्या केल्यासारखा आवाज काढायला लागलं. १९८७ साली आलेली त्यांची 'ॲसिड ट्रॅक्स' ही रेकॉर्ड म्हणजे ॲसिड हाउस या प्रकाराची सुरुवात मानतात. युरोपातले पुढचे कितीतरी क्लब आणि रेव्ह पार्ट्या त्या एका चिरक्या आवाजावर चालल्या.

असं मानतात खरं. पण त्याच्या पाच वर्षं आधी, १९८२ मध्ये, आपल्या मुंबईत चरणजित सिंग नावाच्या वादकाने तेच टीबी-३०३, जोडीला त्याच कंपनीचं टीआर-८०८ हे ड्रम मशीन आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर घेऊन एचएमव्हीसाठी एक रेकॉर्ड केली होती. नाव 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट'. सिंग हे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदातले मुरलेले वादक, आर. डी. बर्मनच्या रेकॉर्डिंगलाही वाजवलेले. त्या रेकॉर्डवर भैरव, ललत, भूप, तोडी, यमन, मालकंस, सगळे आहेत, खाली ठोक ठोक डिस्को. तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली तेव्हा ऐकणारे उडाले. हे तर ॲसिड हाउस आहे! काहींना तर ही कुणीतरी केलेली थाप वाटली. सिंग यांना उतारवयात युरोपात बोलावणी आली, लोक त्यांच्यापुढे नाचले. २०१५ मध्ये ते मुंबईत वारले.

मला विचाराल तर यात चमत्कार काही नाही. टीबी-३०३ मध्ये 'स्लाइड' नावाची एक सोय आहे, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची. अमेरिकन गिटारवाल्याला ती फार कामाची वाटली नसेल. राग ऐकत मोठा झालेल्या माणसाला मात्र तिच्यात मींड दिसणारच. शिकागोच्या पोरांनी मॅन्युअल बाजूला ठेवून नॉब पिळले. सिंगांनी त्याच मॅन्युअलच्या यंत्रात आपल्या घरचं संगीत शोधलं. दोघांपैकी एकानेही ते कंपनीला हवं होतं तसं वापरलं नाही.

टीआर-८०८ चीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. रोलँडचे संस्थापक काकेहाशी यांनी स्वतः सांगितलंय, की त्याच्या आवाजातली ती खास चरचर हवी म्हणून ते सदोष म्हणून नाकारलेले ट्रान्झिस्टर मुद्दाम विकत घ्यायचे. पुढे सेमीकंडक्टर बनवण्याचं तंत्र सुधारलं, खराब माल मिळेनासा झाला आणि मशीन बंद करावं लागलं. क्वालिटी कंट्रोलच्या सरांना हे सांगून बघा.

डेट्रॉइटची हकिगत सगळीकडे सापडते, म्हणून इथे आटोपशीर सांगतो. मोटारींच्या कारखान्यांचं हे शहर. असेंब्ली लाइनवर रोबो आले, माणसं घरी बसली. तिथल्या हुआन ॲटकिन्स या पोराने ॲल्विन टॉफलरचं 'द थर्ड वेव्ह' हे १९८० चं पुस्तक वाचलं, आणि त्याला ज्या शब्दांनी झपाटलं त्यांतूनच 'टेक्नो' हे नाव आलं. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या रिक डेव्हिसबरोबर त्याने 'सायबोट्रॉन' नावाचा ग्रुप काढला. त्यांची पहिली रेकॉर्ड १९८१ ची, म्हणजे 'न्यूरोमॅन्सर'च्या तीन वर्षं आधीची. या सगळ्यांचं दैवत होतं जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फचा 'क्राफ्टवर्क' हा ग्रुप, ज्याने १९८१ च्या 'कॉम्प्युटर वर्ल्ड'मध्ये खिशातल्या कॅल्क्युलेटरवरही गाणं केलं. (त्याच वर्षीच्या दौऱ्यात ते मुंबईतही वाजवून गेले होते, हे किती जणांना ठाऊक आहे?) फरक एवढाच, की क्राफ्टवर्कला यंत्र होण्यात गंमत वाटत होती आणि डेट्रॉइटमध्ये यंत्राने नोकरी खाल्ली होती. त्यामुळे दोन्हींचा ठेका सारखा असूनही डेट्रॉइटच्या संगीतात एक उदासी आहे. ती ऐकू येते.

इथवर वाचून कुणी म्हणेल, अहो पण गॉगलवाले सायबरपंक खरोखर हे ऐकत होते का? खरं सांगायचं तर डब त्यांच्यातल्या थोड्यांनी ऐकलं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आणि नव्वदीत त्यांची खरी आवड होती इंडस्ट्रियल. १९७६ मध्ये लंडनच्या 'थ्रॉबिंग ग्रिसल' या ग्रुपने इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स ही स्वतःची कंपनी काढली, तिच्यावरून हे नाव पडलं. त्यांच्यातला ख्रिस कार्टर आपली यंत्रं स्वतः बांधायचा. शेफील्ड या पोलादाच्या शहरातून 'कॅबरे व्होल्टेअर' आले. पश्चिम बर्लिनमध्ये १९८० साली निघालेल्या 'आइनश्टुर्झेंडे नॉयबाउटन' या ग्रुपने तर पत्रे, स्प्रिंगा, ड्रिल, जे भंगारात मिळेल ते बडवायला घेतलं. त्यांच्या काही मंडळींनी जानेवारी १९८४ मध्ये लंडनच्या एका कार्यक्रमात यंत्रं चालवून स्टेजच फोडायला सुरुवात केली होती. आपल्या वर्कशॉपच्या फिटिंग सेक्शनला स्पीकर लावल्यासारखंच हे! नावाचा अर्थ 'कोसळणाऱ्या नव्या इमारती' असा आहे, तो उगीच नाही.

यातून नाचता येईल असा जो फाटा फुटला त्याला ईबीएम म्हणतात. बेल्जियमचा 'फ्रंट २४२' हा त्याचा मोठा ग्रुप. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये 'स्किनी पपी', आणि त्यातून १९८६ मध्ये बाहेर पडलेल्या बिल लीबचा 'फ्रंट लाइन असेंब्ली'. गिब्सनही व्हँकुव्हरचाच रहिवासी. सिनेमातले संवाद, रेडिओवरची भाषणं, यंत्रांचे आवाज सॅम्पल करून गाण्यात घालायचे आणि खाली लष्करी कवायतीसारखा ठेका. सायबरपंकांच्या क्लबांत वाजायचं ते मुख्यतः हे.

आणि हेच संगीत आणखी एका ठिकाणी वाजत होतं, ते म्हणजे गोव्यात हणजुणेच्या किनाऱ्यावर. तिथे सत्तरच्या दशकापासून राहिलेल्या हिप्पींच्या पार्ट्यांत आधी रॉक-रेगे चालायचं. ऐंशीनंतर काही डीजेंनी युरोपातून मागवलेल्या ईबीएम आणि तत्सम रेकॉर्ड कॅसेटवर उतरवून, त्यातलं गाणं कापून टाकून, नुसते वाद्यांचे तुकडे एकमेकांना जोडायला सुरुवात केली. उन्हात आणि वाळूत रेकॉर्ड टिकत नाहीत म्हणून कॅसेट, पुढे डॅट टेप. टबीने हाताळलेली तीच युक्ती बघा: गायकाला बाहेर काढा, उरेल त्यावर नाचा. मूळचा कॅलिफोर्नियाचा गोवा गिल हा त्या डीजेंपैकी सगळ्यात प्रसिद्ध, २०२३ मध्ये वारला. यातून नव्वदीत गोवा ट्रान्स घडलं. त्यातलाच लंडनचा 'जुनो रिॲक्टर' हा ग्रुप २००३ च्या दोन्ही 'मॅट्रिक्स' सिनेमांच्या संगीतात आहे. तिसऱ्या भागात उपनिषदातले संस्कृत मंत्र कानावर पडतात ना, त्यात त्यांचाही हात आहे. आपल्याला वाटतं हॉलिवूडवाल्यांनी आपलं काहीतरी उचललं. पण ते उचललेलं हणजुण्याच्या वाळूतून फिरून तिथे गेलं होतं.

सिनेमांच्या संगीतावर वेगळा लेख होईल, तेव्हा इथे दोनच. 'ब्लेड रनर' (१९८२) ला व्हँगेलिसने यामाहाच्या सीएस-८० वर संगीत दिलं. शंभर किलोच्या आसपासचं धूड, तापमान बदललं की सूर सरकतात, पण प्रत्येक पट्टीवर बोटाचा दाब वेगळा ओळखणारं. म्हणून तो सिंथेसायझर असूनही एखाद्या दमलेल्या माणसासारखा उसासे टाकतो. मूळ संगीताची अधिकृत रेकॉर्ड १९९४ पर्यंत निघालीच नाही. मधल्या बारा वर्षांची तहान चोरट्या प्रतींनी भागवली. सायबरपंकला हे शोभूनच दिसतं! दुसरा 'अकिरा' (१९८८). भविष्यातल्या टोकियोची गोष्ट, आणि संगीत कशाचं, तर बालीची बांबूची वाद्यं, गॅमेलान आणि जपानी नो नाट्यातलं पठण. ते करणारा 'गेइनो यामाशिरोगुमी' हा ग्रुप धंदेवाईक वादकांचा नव्हता. त्याचा प्रमुख वैज्ञानिक. गॅमेलानचे सूर सिंथेसायझरच्या बारा पट्ट्यांत बसेनात, म्हणून त्यांनी सिंथेसायझरचं ट्युनिंगच बदलून घेतलं. हार्मोनियमच्या पट्ट्यांत श्रुती बसत नाहीत हे भांडण आपल्याकडे किती जुनं आहे! त्यांनी भांडण न करता पट्ट्याच हलवल्या.

फसलेलाही एक नमुना बघून घेऊ. बिली आयडॉल हा रॉकस्टार. १९९३ मध्ये त्याने घरी मॅकिंटॉश आणून 'सायबरपंक' याच नावाची रेकॉर्ड काढली. पत्रकारांना फ्लॉपी वाटल्या. एका गाण्याचं नाव थेट 'न्यूरोमॅन्सर'. समीक्षकांनी धुतली, लोकांनी घेतली नाही, आणि सायबरपंकांना तर तो चेष्टेचा विषय झाला. मला त्याची थोडी दया येते, कारण घरच्या कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग ही त्याची कल्पना काळाच्या पुढची होती. पण त्याने यंत्र पेहरावासारखं अंगावर चढवलं. आजच्या निऑन चित्रांच्या, ऐंशीच्या दशकाची नक्कल करणाऱ्या सिंथवेव्हबद्दलही मला पुष्कळदा हेच वाटतं. ऐकायला गोड आहे. पण १९८४ मध्ये भविष्य कसं दिसत होतं त्याची ती आठवण आहे, आणि त्यात कुठल्याच यंत्राला कुणी नको तो प्रश्न विचारलेला नाही.

मग खऱ्या हॅकरांचं स्वतःचं संगीत कुठलं? ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. एखाद्या सॉफ्टवेअरचं कीजेन उघडलं की खिडकीबरोबर टुणटुणतं ते. (कीजेन वापरण्याचं हे समर्थन नव्हे, अंकात सरांचेही लेख आहेत याची जाणीव आहे.) त्याची वंशावळ अशी. गेमचं कुलूप तोडणारे ग्रुप ऐंशीच्या दशकात तोडलेल्या गेमच्या सुरुवातीला आपली सही म्हणून छोटा ॲनिमेशनचा तुकडा आणि संगीत जोडायचे. कमोडोर ६४ या कॉम्प्युटरच्या चिपला तीनच आवाज काढता येत. कॉर्ड वाजवायला तीन स्वर लागले तर गाण्याला काही उरतच नाही, म्हणून कॉर्डचे स्वर एकापाठोपाठ एक इतक्या झपाट्याने वाजवायचे की कान त्यांना एकत्र समजतो. तो जो थरथरता आवाज ओळखीचा वाटतो तो या कंजुषीतून आलाय.

नंतर अमिगा आला, चार चॅनेल, आठ बिटचे सॅम्पल. १९८७ मध्ये कार्स्टन ओबार्स्की या जर्मन प्रोग्रॅमरने 'अल्टिमेट साउंडट्रॅकर' लिहिलं आणि ट्रॅकर नावाचा प्रकार सुरू झाला. स्वरलिपी नाही, पियानोची पट्टी नाही. चार उभे रकाने, प्रत्येकात ६४ ओळी, आणि ओळीत स्वर, सॅम्पलचा नंबर आणि इफेक्टचा हेक्साडेसिमल कोड. वरून खाली वाचत जायचं. असेंब्लीची प्रोग्रॅम लिस्टिंग आणि तबल्याचा कायदा यांचं लग्न लावल्यासारखं दिसतं. शिवाय एमओडी फाइलमध्ये सॅम्पलही असायचे आणि गाण्याचा सगळा नकाशाही. म्हणजे दुसऱ्याचं गाणं उघडलं की त्याने कुठली युक्ती कुठे केली ते ओळ न् ओळ समोर. पोरं अशीच शिकली, एकमेकांच्या फाइल उघडून. ८८० किलोबाइटच्या फ्लॉपीवर गाणी पोस्टाने देशोदेशी जायची. या मंडळींतून कुलूपतोडीपासून वेगळा झालेला 'डेमोसीन' उभा राहिला, आणि फिनलंडने तर त्याला २०२० मध्ये आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत जागा दिली. सौनाच्या शेजारी डेमोसीन! चोरीच्या गेमवरची सही सरकारी दफ्तरात वारसा म्हणून लागायला तीस-पस्तीस वर्षं पुरली.

ज्यांना ऐकायला सुरुवात करायचीय त्यांच्यासाठी: आधी ऑगस्टस पाब्लो आणि किंग टबी यांची 'किंग टबीज मीट्स रॉकर्स अपटाउन' (१९७६), मग चरणजित सिंग, मग सायबोट्रॉनची 'एंटर' (१९८३), त्यानंतर 'अकिरा'. फ्रंट २४२ सबमिशनच्या आदल्या रात्रीसाठी राखून ठेवा, झोप येत नाही. आणि एक विनंती, टबी लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकू नका. बास गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झला वाजते आणि लॅपटॉपचे ते दोन बोटांएवढे स्पीकर त्याच्या कितीतरी वरच हात टेकतात. म्हणजे अर्धं गाणं खोलीत पोचतच नाही. विंगमध्ये कुणाकडे तरी वूफर असतोच. नसेल, तर ॲम्प्लिफायरच्या मिनी प्रोजेक्टचा जो सांगाडा दरवर्षी कपाटावर धूळ खात पडतो तो खाली काढा आणि आधी त्याचा फुटलेला कॅपॅसिटर बदला.